गर्भनलिका ताणामुळे बंद होत नाहीत

प्रश्न : मी गेवराई तालुक्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय 33, लग्नाला आठ वर्षे झाली. दोन्ही गर्भनलिका बंद असल्याचे तपासणीत निघाल्यामुळे गेल्या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या एका केंद्रात आम्ही टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेतला, पण गर्भ रुजला नाही. पुढच्या पाळीपासून दुसरा प्रयत्न सुरू होईल. पहिल्या वेळी मी फार घाबरले होते, रात्ररात्र झोप नव्हती. ‘तू टेन्शन घेतलेस म्हणूनच असे झाले’ असे सासूबाईंपासून मावशीपर्यंत सगळ्या म्हणतात आणि आता मलाही तसेच वाटू लागले आहे. घरात आम्ही नऊ माणसे, निवांत बसायला कोपरा मिळत नाही. मोबाईलवर पाहून ध्यान करून पाहिले, तर डोळे मिटताच विचार वाढतात. यजमान या विषयावर काही बोलतच नाहीत. मन शांत ठेवण्याचे असे उपाय सांगा, ज्यामुळे या वेळी यश येईल. आणखी एक, इंजेक्शने सुरू असतानाच जाऊबाईंच्या बाळाचे बारसे आहे. जावे की न जावे?

उत्तर :

ताई, तुम्ही उपाय विचारले आहेत आणि ते मी सांगणारच आहे. परंतु ‘ज्यामुळे या वेळी यश येईल’ अशी जी अट तुम्ही त्या उपायांना घातली आहे, ती आधी काढून टाकावी लागेल. ती अट राहिली, तर श्वासाचा साधा व्यायामही तुमच्यासाठी परीक्षा होऊन बसेल आणि निकाल मनासारखा लागला नाही, तर ‘मला नीट शांत राहता आले नाही’ असा आणखी एक दोष तुम्ही स्वतःच्या माथी माराल.

तुमच्या बाबतीत कारण स्पष्ट आहे. गर्भनलिका बंद होतात त्या बहुधा पूर्वी केव्हातरी झालेल्या जंतुसंसर्गामुळे, एंडोमेट्रिओसिससारख्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या) आजारामुळे किंवा पोटाच्या एखाद्या शस्त्रक्रियेनंतर आतला भाग चिकटल्यामुळे. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि तो अनेकदा ठळक अशी कोणतीही खूण न दाखवता आपले काम करून जातो. चिंता केल्याने नलिका बंद होत नाहीत आणि निश्चिंत राहिल्याने त्या उघडतही नाहीत. पहिल्या प्रयत्नात गर्भ नेमका का रुजला नाही, हे बहुतेक वेळा डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. मात्र अशा अपयशामागे वारंवार आढळणारे कारण म्हणजे त्या गर्भातच असलेला गुणसूत्रांचा दोष. तो स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना, फलनाच्या वेळी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही पेशीविभाजनांत, म्हणजे गर्भ तुमच्या शरीरात सोडण्याच्या आधीच ठरून गेलेला असतो. त्यानंतरच्या रात्री तुम्ही जागून काढल्या की झोपून, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

हे केवळ तुमचे समाधान करण्यासाठी लिहीत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात 2011 साली 14 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता, ज्यात अशा उपचारांना सामोऱ्या गेलेल्या 3,583 स्त्रियांची माहिती होती. उपचारापूर्वी ज्यांच्या मनावर अधिक ताण होता त्यांना आणि ज्यांच्या मनावर कमी होता त्यांना उपचाराच्या त्या फेरीत गर्भधारणा होण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मानसिक आधाराचे कार्यक्रम घेतलेल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणेचे प्रमाण वाढल्याचे काही पाहण्यांत आढळले आहे. पण त्यांतील बऱ्याच अभ्यासांची रचना कच्ची असल्याने त्यांच्या भरवशावर कोणाला शब्द देता येत नाही. ‘हमखास गर्भधारणेसाठी योग’ या नावाने वर्ग चालवणाऱ्यांना मात्र ही अडचण जाणवत नाही, आणि त्यांची फी भरण्यापूर्वी तुम्ही दोनदा विचार करावा असे माझे मत आहे. सासूबाईंना आणि मावशींना यातले सगळे पटवून देणे अवघड आहे. त्यांचा हेतू वाईट नाही, पण ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य ऐकून कोणाचा ताण कमी झाल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

मग हे उपाय करायचे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. झोप लागावी, सुईच्या वेळी अंग आखडू नये, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलेला तासभर सुसह्य व्हावा आणि मुख्य म्हणजे पुढचे पाऊल टाकण्याइतके बळ शिल्लक राहावे, यासाठी. अशा उपचारांत पुढचा प्रयत्न वैद्यकीयदृष्ट्या शक्य असतानाही अनेक जोडपी मध्येच थांबतात आणि त्यामागे पैशाइतकाच मनाचा थकवाही असतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. तो थकवा कमी करणे एवढेच या उपायांचे काम, आणि ते काम लहान नाही.

पहिला उपाय श्वासाचा आहे आणि त्याला वेगळी खोली लागत नाही. चार अंक मोजत नाकाने श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश बाहेर सोडावा. मध्ये श्वास रोखून धरू नये. असे केल्याने मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडत असताना हृदयाची गती नैसर्गिकरीत्या थोडी मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला विसाव्याची खूण मिळते. ‘खोल श्वास घ्या’ असे सांगणारे लोक नेमके सोडण्याकडे दुर्लक्ष करतात आणि म्हणूनच त्यांच्या सांगण्याने कित्येकांना उलट गरगरते. तुम्हालाही गरगरले तर थांबावे, नेहमीसारखा श्वास घ्यावा आणि पुढच्या वेळी अंक कमी करावेत. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे पुरतात. पण ही सवय आता, उपचार सुरू होण्यापूर्वीच लावून घ्यावी, कारण सुई समोर आल्यावर नवी गोष्ट शिकता येत नाही.

अंक मोजण्याचा कंटाळा येत असेल, तर नामस्मरण करावे. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्येच 23 जणांवरचा एक छोटा अभ्यास छापून आला होता. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि मंत्र, दोन्हींच्या उच्चाराने श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते, असे त्यात आढळले. तेव्हा विठ्ठलाचे नाव संथपणे, एका उच्छ्वासात बसेल एवढेच घेत राहिलात, तरी व्यायाम तोच घडतो. शिवाय सून नाम घेत बसली आहे म्हटल्यावर घरात तिला सहसा कोणी हाक मारत नाही, हा फायदा नऊ माणसांच्या घरात उपेक्षणीय नाही.

डोळे मिटताच विचार वाढतात, असे तुम्ही लिहिले आहे. तसे अनेकांचे होते आणि त्यात तुमचे काही चुकत नाही. अशा वेळी डोळे उघडे ठेवून समोरच्या एखाद्या स्थिर वस्तूवर, देवघरातल्या समईवर किंवा दाराच्या कडीवर, नजर टेकवून श्वास मोजावा. तेही जमत नसेल तर बसूच नये. वाती वळणे, वाकळीला टाके घालणे, धान्य निवडणे अशा एका लयीत चालणाऱ्या कामाला ध्यानाइतकेच मोल आहे, फक्त त्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. माळवदावर किंवा अंगणात सकाळचे ऊन चढण्यापूर्वी वीस मिनिटे सावकाश चालणेही याच हिशेबात धरावे.

दुसरा उपाय रात्रीचा. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मांडला आणि आजही मानसोपचारात तो सर्रास वापरला जातो. त्याची रीत अशी, की स्नायूंचा एक-एक गट आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडून द्यायचा, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक शरीराला कळू लागतो. अंथरुणावर उताणे किंवा कुशीवर पडून पायाची बोटे पाच ते सात सेकंद आवळावीत, मग एकदम सोडून वीस-तीस सेकंद तो सैलपणा अनुभवावा. त्यानंतर पोटऱ्या, मांड्या, मुठी, दंड, खांदे, जबडा आणि कपाळ असे वर जावे. जबडा विसरू नये, कारण चिंता करणाऱ्या माणसाचे दात नकळत आवळलेले असतात. इंजेक्शने सुरू झाल्यापासून पोट मात्र आवळू नये, ते वगळून पुढे जावे. सुरुवातीला याला पंधरा मिनिटे लागतील. सरावानंतर नुसते खांदे आणि जबडा सोडला तरी पुरते, आणि बहुतेक रात्री कपाळापर्यंत पोहोचण्याआधीच झोप लागलेली असते.

योगासनांबाबत एक इशारा देणे गरजेचे आहे. बीजे वाढवणाऱ्या इंजेक्शनांमुळे स्त्रीबीजकोष नेहमीपेक्षा बरेच मोठे होतात आणि क्वचित प्रसंगी त्यांना पीळ पडू शकतो, म्हणून त्या दिवसांत आणि बीजे काढल्यानंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत कपालभाती, भस्त्रिका, पोटाला पीळ देणारी आसने, उड्या आणि पळणे पूर्णपणे बंद ठेवावे. अनुलोम-विलोम श्वास न रोखता करावा, भ्रामरीला हरकत नाही. ‘मन शांत करणारा’ म्हणून कोणी काढा किंवा चूर्ण दिले, तर ते घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. आणि आधीपासून झोपेची किंवा चिंतेची गोळी सुरू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता तुमच्या उपचाराच्या वेळापत्रकाकडे वळतो, कारण ताण सगळे दिवस सारखा नसतो. इंजेक्शने साधारण दहा-बारा दिवस चालतील आणि त्या काळात बीजांची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफीला तुम्हाला बऱ्याच वेळा संभाजीनगर गाठावे लागेल. पहाटेची एसटी, उभ्याने प्रवास आणि पोटात गोळा, हे तुम्ही एकदा अनुभवलेच आहे. जाताना शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला की पाचोड येईपर्यंत श्वास मोजायचा, असे ठरवून टाकावे. ठिकाण ठरलेले असले की मनाला आठवण करून द्यावी लागत नाही. सोनोग्राफीनंतर डॉक्टरांकडून दोनच गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात, पुढची तारीख आणि इंजेक्शनाची मात्रा. शेजारी बसलेल्या बाईची बीजे किती आणि आपली किती, ही तुलना तिथल्या बाकांवर फार चालते. तिचे वय, तिचा आजार आणि तिची औषधे वेगळी आहेत, त्यामुळे त्या आकड्यातून तुम्हाला कळण्यासारखे काहीच नसते.

काही ताण तंत्रांनी नव्हे, तर व्यवस्थेने कमी होतात. यांतील अनेक इंजेक्शने 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागतात आणि आपल्याकडे उन्हाळ्यातले भारनियमन वेळ सांगून येत नाही. तुमचे इंजेक्शन फ्रिजबाहेर किती वेळ चालते, हे केंद्रातील परिचारिकेला पहिल्याच दिवशी विचारावे; बर्फाच्या पिशव्यांसह एक थर्मास तयार ठेवावा आणि गावात वीज न जाणारे औषधांचे दुकान असेल, तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवावे. इंजेक्शन टोचताना श्वास सोडण्याच्या क्षणी सुई आत जाईल असे पाहावे, त्या वेळी अंग आपोआप सैल असते.

तुमच्या नोकरीचा विचार मी मुद्दाम वेगळा करतो. दर महिन्याला गरोदर मातांची नावे पोषण ट्रॅकरवर तुम्हीच भरायची, त्यांची वजने तुम्हीच घ्यायची आणि बाळंतिणींच्या घरी भेटी द्यायलाही तुम्हीच जायचे, याचा भार बाहेरच्याला कळत नाही. ते काम टाळता येणार नाही, पण पसरवून ठेवण्यापेक्षा आठवड्यातल्या एका ठरलेल्या वेळी एकत्र करावे, आणि त्यानंतर लगेच घरी न जाता पाच मिनिटे श्वासाचा व्यायाम करावा. पर्यवेक्षिकेला ‘वैद्यकीय उपचार सुरू आहेत’ एवढे सांगणे पुरेसे आहे. कोणते, हे सांगण्यास तुम्ही बांधील नाही. गावात कोणी विचारलेच, तर त्यासाठी एकच वाक्य पाठ असावे : ‘औषध चालू आहे, काही असेल तर आम्हीच सांगू.’ दर वेळी नवे उत्तर शोधण्यानेच माणूस जास्त दमतो.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. गप्प राहणारा पुरुष बेफिकीर असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला काय बोलावे हेच कळत नसते. ‘तुम्ही काहीच का बोलत नाही’ असे विचारण्यापेक्षा त्यांच्याकडे ठरावीक कामे सोपवावीत : इंजेक्शनाची वेळ पाळणे, कागदपत्रांची फाईल सांभाळणे आणि आईला व मावशींना उत्तर देणे. शेवटचे काम त्यांचेच आहे, सुनेचे नव्हे. ते तंबाखू किंवा गुटखा खात असतील, तर तो आजच सुटलेला बरा, कारण शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात आणि तंबाखूचा त्यांवर वाईट परिणाम होतो. आणखी एक बोलणे दोघांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच उरकावे, ते म्हणजे पैशाचे. आपण जास्तीत जास्त किती प्रयत्न करणार आणि किती कर्जापर्यंत जाणार, हे आधी ठरलेले असेल, तर निकालाच्या दिवशी रडत असताना तो निर्णय घ्यावा लागत नाही.

सर्वांत अवघड काळ म्हणजे गर्भ सोडल्यापासून रक्ततपासणीपर्यंतचे साधारण दोन आठवडे. या काळात दिवसभर पडून राहण्याची गरज नसते. गर्भ सोडल्यानंतर सक्तीची विश्रांती घेतल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांत दिसून आले आहे, आणि छताकडे पाहत पडल्याने विचार मात्र वाढतात. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर हलके काम आणि चालणे सुरू ठेवावे. गर्भाशयाचे अस्तर टिकवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या औषधांमुळे छाती जड होते, पोट फुगते, झोप येते. हीच लक्षणे गर्भधारणेतही असतात आणि पाळी येण्यापूर्वीही असतात, म्हणून त्यांवरून अंदाज बांधणे व्यर्थ आहे. घरच्या घरी घाईने चाचणी करू नये. बीजे पक्व होण्यासाठी एचसीजीचे (गर्भचाचणी जे संप्रेरक शोधते, त्याचेच) इंजेक्शन दिले असेल, तर त्याचा अंश काही दिवस शरीरात राहतो आणि चाचणी खोटीच ‘होकारार्थी’ येऊ शकते. या दिवसांसाठी एक जुनी, साधी युक्ती आहे. संध्याकाळची वीस मिनिटे फक्त चिंतेसाठी राखून ठेवावीत, वही घेऊन मनात येईल ते सगळे लिहावे आणि वेळ संपली की वही मिटावी. दिवसभरात चिंता डोके वर काढू लागली, तर ‘हे सहा वाजता’ असे तिला सांगावे. पहिले तीन-चार दिवस ती ऐकत नाही, पुढे बऱ्यापैकी ऐकते.

मात्र शरीराच्या प्रत्येक तक्रारीला ‘टेन्शन’ म्हणून गप्प बसवू नका. बीजे काढण्याच्या आसपास किंवा नंतर पोट झपाट्याने फुगणे, असह्य दुखणे, दम लागणे, लघवी कमी होणे, वजन भराभर वाढणे यांपैकी काहीही झाले, तर श्वासाचा व्यायाम करत न बसता त्याच क्षणी केंद्राला फोन करावा. तसेच सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक दोन्ही गेली असतील किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर या सदरातले उपाय अपुरे आहेत. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तुमच्या उपचार केंद्रातही समुपदेशन मागावे; 2021 च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता यांबाबत जोडप्याला व्यावसायिक समुपदेशन देणे केंद्रांवर बंधनकारक आहे, तेव्हा ते मागताना संकोच नको.

राहिले बारसे. त्या दिवशी सोनोग्राफीची तारीख आली, तर प्रश्न आपोआप सुटेल. नाही आली, तर तुम्हाला मनापासून जावेसे वाटते का, एवढेच स्वतःला विचारा. जायचे ठरवलेत, तर उशिरा जाऊन बाळाला टोपरे-झबले द्यावे, जाऊबाईंना भेटावे आणि पाळणे म्हणायला बायका बसण्यापूर्वी यजमानांसह निघावे. निघण्याचे कारण त्यांनीच सांगावे. नाही जायचे ठरवलेत, तर जाऊबाईंना आदल्या दिवशी स्वतः फोन करून ‘उपचार चालू आहेत, बाळाला पाहायला निकालानंतर निवांत येईन’ असे सांगावे. त्यांचे बाळ महिनाभराने पाहिले तर त्यांच्या-तुमच्या नात्यात काही उणे होणार नाही, आणि इतर कोणी त्यावर काय बोलेल, याची काळजी तुम्ही करू नये.